समोरून घेतलेला शॉट

डॉक्टरांनी मोरेश्वरच्या कानामागची चिप काढून कुंदाच्या हातात ठेवली. त्याच्या दोन्ही कॅमेरा-डोळ्यांचे सेन्सर जळून गेले होते आणि सरकारी योजनेतून डोळे आयुष्यात एकदाच मिळत.

घरी येऊन तिने चिप टीव्हीला लावली. त्याने शेवटचं जे पाहिलं ते पडद्यावर आलं. किल्ल्यावरचा लेझर शो, आणि धुरातून पंख्यासारखे उलगडणारे हिरवे किरण. तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलेला माणूस तो. फ्रेम तसूभरही हलली नव्हती.

मग कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकायला लागली : ‘सेन्सरला धोका. नजर फिरवा.’ खाली दहापासून उलटे आकडे. शून्य आलं आणि पडदा काळा पडला.

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, हे दिसत होतं तुम्हाला?”

“दिसत होतं की.” तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. “पण किरण अगदी समोरून येत होते गं. असा शॉट पुन्हा मिळतो का?”

तिने रिमोट सोफ्यावर आदळला.

“सांग ना,” तो अधीरपणे पुढे सरकला, “फोकस नीट आलाय ना?”