त्या दुपारचा प्रश्न

"याच्यापेक्षा सासूबाई परवडल्या. त्या दुपारी झोपायच्या तरी," शरयू सासूच्याच वर्षश्राद्धाचे वडे थापताना पुटपुटली.

घरातला प्रत्येक आवाज जपून, विचाराल त्याचं उत्तर देणारं शोधयंत्र फळीवर होतं. ते कुठे अडतंय हे तिची नणंद इंदूताई सकाळपासून तपासत होती.

"लोणच्याची बरणी कुणी फोडली?" ताईनं यंत्राला विचारलं.

"हेरंबनं. आळ मांजरावर घातला."

शरयूचा नवरा हेरंबही हसला. मग ताईनं विचारलं, "आई शेवटचं काय गुणगुणली?" यंत्रातून आईचा आवाज आला.

"आता ती न्हाणीघरात पडली त्या दुपारचं विचारते."

"मिक्सर चालू होता, ताई," हेरंब घाईनं म्हणाला. "ऐकूच आलं नाही. वर्षभर सांगतोय ना?"

"सांगतोस खरं. यंत्रालाही सांगू दे."

शरयूनं पिठाच्या हातानंच यंत्र बंद केलं.

"त्याला नका विचारू, ताई. मिक्सर बंद होता. आईंनी दोनदा हाक मारली आणि आम्हा दोघांनाही ऐकू आली. मला वाटलं हे उठतील, यांना वाटलं मी उठेन."