खिडकीतला कोल्हा

"कुठाय त्यो? दाव की," अण्णा फोनवर म्हणाले. माझी तब्येत विचारायच्या आधी त्यांना माझ्या खिडकीबाहेरचा कोल्हा बघायचा असतो. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, ही त्यांची पक्की समजूत. एसटी चालवायचे तेव्हा स्टिअरिंगशेजारी कोल्ह्याचं चित्र चिकटवलेलं असायचं. आता ब्याऐंशीव्या वर्षी ते गडहिंग्लजला एकटे, आणि मी, त्यांची लेक, उत्तर ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रात.

मी फोन खिडकीकडे वळवला. कोल्हा दगड हुंगत होता.

"ह्यो कुठला तपकिरी? आपला पांढराफटक हुता की!"

"तोच आहे, अण्णा. उन्हाळा आला की बर्फासारखी त्याची पांढरी लवही जाते. कानाची खाच बघा."

अण्णांनी डोळे बारीक करून खाच शोधली आणि खूश झाले. "अरे पठ्ठ्या! पण जगतोय किती ह्यो?"

"असा मोकळ्यावर तीन-चार वर्षं. फार तर थोडी जास्त."

"एवढंच? लोकांना नशीब वाटत फिरतोय, आणि सोताला तीन-चार वर्सं?"

कोल्हा मान वर करून खिडकीकडेच बघत होता. अण्णाही त्याच्याकडे बघत राहिले.

"तुझं काम किती राहिलंय गं अजून?"

"दोनच वर्षं, अण्णा."

अण्णांनी पुन्हा एकदा कोल्ह्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, ह्ये 'दोनच' आम्हा दोघास्नी सांगू नकोस."