हंगाम सरलेलं गाव

इटलीजवळ मालवाहू बोट बुडाली, तेव्हा रोहण्याच्या पुंडलिकरावांचा खलाशी लेक दिनकर बेपत्ता झाला. प्रेत सापडलं नाही म्हणून सून वत्सला सहा वर्षं कुंकू पुसायला तयार नव्हती. मग तिकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात दिनकरसारखा माणूस दिसल्याचं त्याच्या जुन्या सोबत्यानं सांगितलं, आणि मळ्याचा तुकडा विकून सासरा-सून तिथं पोचले.

उन्हाळ्यात माणसांनी फुलणारं ते गाव जानेवारीत ओस पडलं होतं. दारं बंद, वाळूवर नुसता वारा. एकच हॉटेल उघडं होतं. आत दारूच्या बाटल्या दिसल्या म्हणून वत्सला बाहेर बाकावर बसली. पुंडलिकराव एकटेच आत गेले.

टेबल पुसणाऱ्या माणसानं मान वर केली. त्याच्या पायाला एक गोरी चिमुरडी बिलगली होती.

“बाबा,” तो कसाबसा बोलला, “तिले नका सांगू.”

लेकाला पोटाशी धरावं म्हणून पुंडलिकरावांचे हात उचलले गेले होते, ते तसेच खाली आले. नातीकडे एकवार डोळे भरून पाहून ते बाहेर पडले.

“होते का, मामाजी?”

“नाई पोरी. आपला दिनकर बुडाला.”

“मंग त्या काचेमागून कोण पाहून राह्यलं आपल्याकडे?”

वाफेनं धुरकटलेल्या काचेला आतून एक तळवा टेकला होता. पुंडलिकरावांनी सुनेचा हात घट्ट धरला.

“भूत हाय. मांगं पाहू नको. घरी गेल्यावर तुह्यासाठी स्थळ पाहतो.”