व्हिडिओतली आजी

“आजी आल्यात का?”

डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनात सकाळपासून हाच प्रश्न. पापडाला हात लावायच्या आधी, भाव विचारायच्या आधी. आरोही दर वेळी “नाही ना” म्हणून हसायची आणि सरळ लावलेली पाकिटं उगाच पुन्हा सरळ करायची. एका जागी बसवत नव्हतं तिला.

आजी म्हणजे व्हिडिओतली आजी. हिरवं नऊवारी लुगडं, मोठी नथ, बोळकं हसू. कौलारू घराच्या ओट्यावर बसून ती म्हणायची, “बाळांनो, नागली खा, माझ्या वयात माझ्यासारखे पळाल.” नाशिकभर ती मोबाईलवर फिरत होती. आरोहीनं ती ऑफिसात बसून, पुढ्यातला चहा संपायच्या आत एआयवर बनवली होती.

नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड मात्र खरे होते. ते करणाऱ्या भागीबाई पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या आणि स्टॉलच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या.

आजी नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक पुढं सरकायचं. ते बघून हे पापड विकणाऱ्या कंपनीचा मालक सोमनाथ वैतागला. तो तडक बाहेर गेला आणि हिरवं लुगडं, खोटी नथ घेऊन परत आला.

“भागीबाई, एवढं नेसा आणि पुढं बसा. बोलायचं काही नाही, नुसतं हसायचं.”

भागीबाईंनी नथ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग आरोहीकडं वळल्या. “त्या बाईला इचारलं का? तिच्या जागी मी बसले तर तिला राग यील.”

“ती येणार नाहीये.”

“आजारी हाय का?”

आरोहीनं सोमनाथकडं पाहिलं. तो फोनमध्ये डोकं घालून उभा होता.

“ती नाहीच आहे, भागीबाई. म्हणजे वारली वगैरे नाही. नव्हतीच कधी. मी कॉम्प्युटरवर तयार केली.”

“आन् माझं काय झालं? तू आन् तो संतोष आला व्हता ना पाड्यावर? दिसभर कॅमेरा लावून. परत परत लाटायला लावलं मला उन्हात. ते कुठं हाय?”

“टाकला होता आम्ही तो व्हिडिओ. कोणी बघितला नाही.”

“कोनीच नाय?”

आरोही पुन्हा पाकिटं सरळ करायला लागली. व्हिडिओत आजी आली आणि कंपनीला कॅमेरा धरणारा लागेना, म्हणून संतोषला घरी बसवलं होतं. परवाच सोमनाथ सहज बोलल्यासारखं म्हणाला होता, “आजी रोज नवा व्हिडिओ देते. मग तुला तरी रोज यायची काय गरज आहे?” तेव्हापासून आरोहीला धड झोप नव्हती.

भागीबाईंनी नथ टेबलावर ठेवली. “दुसरीच्या नावानं मी नाय बसनार.”

तेवढ्यात एक बाई लेकीचा हात धरून स्टॉलशी आल्या. “आजी आल्यात का?”

या वेळी आरोही हसली नाही. “ताई, त्या आजी खऱ्या नाहीत. एआय आहे ते. पापड या भागीबाईंनी केलेत.”

सोमनाथनं झटकन मान वर केली.

बाई हसल्या. “अहो, माहितीये की! एवढं काय आम्हाला कळत नाही? पण किती गोड आहे हो ती. हिला तिच्यासोबत फोटो पाहिजे होता. निदान कटआउट तरी ठेवायचा.”

लेकीला घेऊन त्या निघून गेल्या. सोमनाथचा चेहरा मात्र उजळला.

“आरोही, आजीची मोठी फाईल पाठव. फ्लेक्सवाल्याला. आत्ताच्या आत्ता.”

तिनं पाठवली. भागीबाईंचा विचार आला तो पाठवून झाल्यावर.

दुपारी सनबोर्डच्या हलक्या फळीवर छापलेली माणसाएवढी आजी आली आणि स्टॉलपुढं रांग लागली. फोटो काढून झाला की लोक पापडही घ्यायला लागले. भागीबाई पाकिटं काढून देत होत्या, आरोही मोबाईलचा स्कॅनर पुढं करत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ऊन उतरलं तसा वारा सुटला. कटआउट डुलायला लागला, मग तोंडावर पडला. उभा केला की पुन्हा पडे. सोमनाथ दोरी शोधायला गेला. रांग खोळंबली, मागचे कुरकुरू लागले, दोघं-तिघं तर निघूनच गेले. हातात पाकीट धरलेल्या भागीबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग पाकीट खाली ठेवून त्या उठल्या, कटआउटच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

रांगेतल्या पुढच्या बाईंनी आपला फोन आरोहीच्या हातात दिला. “आमचा काढता का?” नवऱ्याला ओढून घेऊन त्या आजीला बिलगल्या. आरोहीनं फोटो काढला.

बाईंनी तो मोठा करून पाहिला. आजीच्या हिरव्या खांद्यांवर, दोन्हीकडून, काळसर, सुरकुतलेली, गोंदलेली बोटं आली होती.

“ही कोणाची बोटं मध्येच?” त्यांनी फोन आरोहीपुढं धरला. “काढून टाकता येतात ना एआयनं?”

“झाला का गं फोटो?” कटआउटमागून भागीबाईंचा आवाज आला. “का धरू अजून?”