घरची बोटं

ट्रेमधले कप किणकिणले. "घरचं अजून कोणाचं बोट राहिलं का?" असं यवतमाळहून आलेला अलार्मवाला विचारत होता. सुरभीनं चहा ठेवला, ओलं बोट ओढणीला पुसलं.

"झाले सगळे," सासरे म्हणाले.

घाटंजीतल्या या साडीच्या दुकानाचं शटर रोज सकाळी सुरभीच उचलायची. आकडे दाबायचा अलार्म स्वस्त होता, पण सासऱ्यांनी बोटाचा ठसा ओळखणाराच निवडला. "आकडे काय, कोणीबी माहेरी सांगते. बोट कोणाले सांगता येत नाही, बाप्पा." त्यांचं बोट घेऊन झालं, सुरभीच्या नवऱ्याचं झालं. पुण्यातला दीर दिवाळीत आला की त्याचं होणार होतं. लाडानं सुरभीच्या चार वर्षांच्या नयनचंही घेतलं.

"आता एखादं बाहेरचं बोट लावून पाहू," अलार्मवाला म्हणाला. "भोंगा वाजला पाहिजे."

"सूनबाई, तू लाव वं जरा."

सुरभीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. तिनं बोट टेकवलं. भोंगा असा कोकलला, की समोरचा पानठेलेवाला धावत रस्त्यावर आला.

"एक नंबर हाये," सासरे खूश झाले. "हाच पक्का कर."

नयननं कानांवरचे हात हळूच काढले. "आई, माह्या बोटानं नाही वाजला. तुह्याच बोटानं काहून वाजला?"