बाकावरचा खांब

“उठला का तो?” प्रशिक्षकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही हो भाऊजी. बसलाय अजून,” मेहुणा म्हणाला. बायकोचा धाकटा भाऊ आणि संघाचा सहायक प्रशिक्षक, दोन्ही तोच. त्यामुळे त्याच्यावर घरीही ओरडता यायचं आणि इथेही.

“इथे भाऊजी म्हणू नकोस. शंभर वेळा सांगितलंय!”

समोरच्या बाकावर दुसऱ्या बास्केटबॉल संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, बसला होता. वय अडतीस. सगळे त्याला खांब म्हणायचे. बाद फेरीतल्या उपांत्य लढतीचा हा तिसरा आणि शेवटचा सामना. पहिला सामना खांबाने जवळपास एकट्याने काढला होता. दुसऱ्यात, परवा, तो गुडघा धरून कोसळला, दोघांच्या खांद्यांवर बाहेर गेला आणि प्रशिक्षकांचा संघ जिंकला. एक-एक बरोबरी. आज हरलात तर दुसरीकडे नोकरी बघा, असं क्लबच्या सेक्रेटरींनी सकाळीच तोंडावर सांगितलं होतं.

“गुडघा गेलाय म्हणे त्याचा,” मेहुणा म्हणाला.

“काही गेलाबिला नाही. गेल्या वर्षी असाच लंगडत गेला, आणि पुढच्या सामन्यात आपल्या नाकावर टिच्चून एकवीस गुण केले मेल्याने. विसरलास?”

“त्यांच्या फिजिओला विचारलं मी. तो म्हणाला, आज त्याला बसवलंय.”

“किती वेळ?”

“तेवढंच म्हणाला. आणि हसला.”

“हसला ना? मग झालं तर. शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलाय. मला शिकवतात!”

खांबाचा थाट तर बघवत नव्हता. प्रशिक्षक तासभर आधी हॉलमध्ये आले, तेव्हा स्वारी बाकावर हजर. ढगळ ट्रॅक पँट, मांडीवर टॉवेल, उजवा पाय ऐसपैस पुढे ताणलेला. सराव नाही, पळणं नाही, काही नाही. नावं पुकारली तेव्हा सगळे उभे राहिले. याने बसल्या बसल्या हात हलवला. लोकांनी त्यावरही टाळ्या पिटल्या. प्रशिक्षकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यांच्याकडे उंट होता. बावीस वर्षांचा, संघात सगळ्यात उंच, आणि खांबाला अडवू शकेल असा एकमेव. आज तो सुटलाच होता. तीन सत्रांत अठरा गुण, संघाला नऊ गुणांची आघाडी. फक्त त्या नादात चार फाउल करून बसला. पाचवा झाला की बाहेर.

शेवटचं सत्र सुरू झालं आणि प्रशिक्षकांनी उंटाला खाली बसवलं.

“भाऊजी, अहो, तो पेटलाय आज!” मेहुणा म्हणाला.

“आणि पाचवा फाउल झाला म्हणजे? खांब उतरल्यावर त्याला कोण अडवणार, तू?”

मेहुण्याची उंची पाच फूट चार इंच.

आघाडी नऊची सहा झाली, सहाची तीन झाली. खांब हलायला तयार नाही. प्रशिक्षकांचा एक डोळा खेळावर आणि एक त्याच्यावर. दोन मिनिटं उरली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “जा रे,” ते उंटाला म्हणाले.

उंट उठला. तेवढ्यात समोर खांबाने सावकाश जॅकेटची चेन उघडली. जॅकेट काढलं, नीट घडी केली, बाजूला ठेवलं. खाली संघाची जर्सी. हॉल दणाणून गेला. त्यांच्या प्रशिक्षिकेने टाइमआउट घेतला आणि खांबासमोर उकिडवी बसून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. खांबाने मान डोलावली.

“थांब! बस खाली!” प्रशिक्षक ओरडले. “तो उतरला की उतरायचं. आधी नाही!”

“सर, मी सांभाळून खेळतो ना,” उंट काकुळतीला आला.

“बस म्हणतो ना!”

खांब उतरला नाही. एक मिनिट उरलं, उतरला नाही. वीस सेकंद उरली, तेव्हा तो बोटं मोडत बसला होता. शिट्टी वाजली. दोन गुणांनी हार.

हस्तांदोलनाच्या वेळीसुद्धा पठ्ठ्या उठला नाही. बसूनच हात पुढे केला. प्रशिक्षकांनी तो पाहिलाच नाही असं दाखवलं. सेक्रेटरी दारात उभे होते. “उद्या ऑफिसात या,” म्हणाले आणि निघून गेले.

कपडे बदलायच्या खोलीत उंट तोंडावर टॉवेल घेऊन रडत होता. अर्धा तास प्रशिक्षकांनी सहन केलं. मग तडक उठले आणि पुन्हा हॉलमध्ये आले. प्रेक्षक पांगले होते, झाडूवाली खुर्च्यांखालून कागद काढत होती. आणि खांब अजून तिथेच. पाय पसरून.

“एकच सांगा मला,” प्रशिक्षकांचा आवाज चिरकला. “सात वर्षांची नोकरी गेली हो माझी आज. तुमची वाट बघण्यात गेली! घरी काय सांगू मी? का नाही उतरलात?”

खांबाने मान खाली घातली. “वाईट वाटतं हो सर,” तो म्हणाला. “खरंच.”

“वाटतं ना? मग सांगा की!”

मागून पावलं वाजली. खांबाच्या संघाचा फिजिओ दोन खेळाडूंना घेऊन लगबगीने येत होता. प्रशिक्षकांना बघून त्याचा चेहरा उजळला.

“बरं झालं सर, तुम्ही आहात ते. तिघांना झेपत नाही हा. आम्ही वरून उचलतो, तुम्ही त्याचा पाय धरा. हळू हं, कालच मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलंय.”