गोरक्षची वही

लंकाबाईनं वहीचं शेवटचं पान चुलीत सारलं आणि त्याच जाळावर भाकरी टाकली. तिचा नवरा गोरक्ष पाथर्डीला गेला होता. तो परतायच्या आत तिला तिसगावला जाऊन यायचं होतं.

पंधराव्या वर्षी गोरक्ष तमाशात गायला उभा राहिला की अख्खा बाजार लोटायचा. पोरं त्याच्यासारखा फेटा बांधायची, पोरी राहुटीमागं घुटमळायच्या. लावणीच्या शेवटी रिवाजाप्रमाणे कवीचं नाव यायचं, पण लोकांच्या "गोरक्ष! गोरक्ष!"मध्ये ते बुडून जायचं. पुढं आवाज फुटला आणि लोक त्याला विसरले. त्यानं लेखणी धरली. आता एकोणीसशे बहात्तरात नगर जिल्ह्यातले फड त्याच्याच लावण्यांवर चालत होते.

त्या गायची झुंबरबाई. हे नाव त्याच्या तोंडून निघालं की लंकाबाईच्या अंगाची लाही व्हायची. तिला मात्र तो "अगं, ऐकलं का?" एवढंच म्हणायचा. घरोघरची रीत तीच, पण तिला ती टोचायची.

घरंदाज बाई तमाशाला जात नाही. गडी रस्त्यानं गुणगुणत तेवढी पहिली ओळ तिच्या कानावर यायची. ती दिसली की गडी हसून गप्प होत. नवऱ्याची थेरं गावभर झालीत, असंच ती समजायची.

परवा ढोलकीवाला बन्सी विहिरीजवळून गात गेला, "पाव्हण्यावानी येता राया, पाणी पिऊन जाता."

तिच्या हातातला पोहरा निसटला. भांडताना तिनंच हे गोरक्षला ऐकवलं होतं, शब्दन् शब्द. म्हणजे घरातलं भांडण तो त्या बाईला सांगत होता!

तिसगावला राहुटीत दुपारची तालीम चालली होती.

"झुंबरबाई कोन?"

"मीच. तुमी?"

"तुमच्या कवीची बायकू. वही जाळली म्या. आता गा काय गायचं ते."

झुंबरबाईनं तिचा हात धरला. "समदी?"

"समदी. एक पान न्हाई ठिवलं."

"काय केलं बाई हे! मला त्यातल्या नव्या लावन्यांतली एकच पाठ हाय."

"मग तीच म्हना. बघू तरी काय लिवतोय तुमच्यासाठी."

झुंबरबाईनं ढोलकीवाल्याला थांबवलं आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. पाव्हण्याचं कडवं झालं. थंड झालेल्या भाकरीचं झालं, उंबऱ्यावर बसून वाट पाहण्याचं झालं. लंकाबाईचे ओठ नकळत हलत होते. एकही शब्द तिला नवा नव्हता.

शेवटच्या ओळीला कवीचं नाव घ्यायचं म्हणून झुंबरबाईनं कानाची पाळी धरली.

"लंका म्हणे, राया, आता घरचं होऊन ऱ्हावा."